निवृत्त फुटबॉलपटू आणि डोक्याला बसलेले मार : नागपूर-कामठीतील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि कामठी येथील अनेक घरांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आहे. मोतीबागच्या रेल्वे मैदानावर, कामठीच्या रब्बानी मैदानावर आणि वस्त्यावस्त्यांतील मोकळ्या जागांवर ज्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत आपली उमेदीची वर्षे घालवली, ते खेळाडू आज साठी-सत्तरीत पोहोचले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या स्मरणशक्तीत, स्वभावात किंवा चालण्यात बदल दिसू लागला, की घरची माणसे बहुधा दोन टोकांपैकी एक टोक गाठतात. एक तर "आता वयच झाले" असे म्हणून तो बदल सोडून दिला जातो, नाही तर कुठेतरी वाचलेल्या माहितीवरून हे सारे हेडिंगमुळेच, म्हणजे चेंडू डोक्याने मारल्यामुळेच, झाले अशी खात्री करून घेतली जाते. दोन्ही बाबतींत नुकसान रुग्णाचेच होते, कारण दोन्हींमुळे नीट तपासणी लांबणीवर पडते. पुढील उत्तरे त्या तपासणीला पर्याय नाहीत. तिची तयारी व्हावी यासाठी ती लिहिली आहेत.

कन्कशन म्हणजे काय? खेळाडू बेशुद्ध पडला नाही, तरी ते झालेले असू शकते का?

होय, असू शकते. डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा अंगाला बसलेल्या धक्क्यामुळे कवटीच्या आतील मेंदू झटक्याने हलतो आणि त्याचे काम तात्पुरते विस्कळीत होते, त्याला कन्कशन म्हणतात. अशा घटनांपैकी शुद्ध हरपण्याचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी असते. बहुतेक खेळाडू उभे असतात, बोलत असतात, पण गोल कुणी केला हे त्यांना आठवत नाही, उजेड सहन होत नाही, डोके जड होते, मळमळते किंवा तोल जातो. जुन्या काळी अशा खेळाडूच्या तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा मैदानात धाडण्याची पद्धत होती. त्यामुळे आपल्याला कन्कशन कधी झालेच नाही असे एखादे ज्येष्ठ खेळाडू ठामपणे सांगत असले, तरी "कधी बेशुद्ध झाला होतात का?" एवढेच विचारून थांबू नये. "मार बसल्यावर पुढच्या खेळातले काही आठवेनासे झाले, असे कधी घडले का?" हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

फुटबॉलमध्ये खरा धोका कशाचा आहे, टकरींचा की चेंडू डोक्याने मारण्याचा?

कन्कशनची बहुतेक प्रकरणे दोन खेळाडूंची डोकी आपटणे, कोपर लागणे, जमिनीवर किंवा गोलच्या खांबावर आदळणे यांतून घडतात. साधे हेडर घेतल्याने कन्कशन होणे विरळा. तथापि मेंदूच्या दीर्घकालीन हानीचा विचार करताना संशोधकांचे लक्ष आता केवळ मोठ्या धक्क्यांवर राहिलेले नाही. ज्यातून त्या क्षणी कोणतेच लक्षण दिसत नाही असे लहान धक्के वर्षानुवर्षे हजारोंच्या संख्येने बसत गेले, तर त्यांचा साठत जाणारा परिणाम काय होतो, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. सामन्यातील हेडर मोजके असतात. सरावात कॉर्नरवर कॉर्नर टाकून स्टॉपरकडून, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्याकडून, घेतलेले हेडर त्याच्या कितीतरी पट असतात.

निवृत्त फुटबॉलपटूंना स्मृतिभ्रंशाचा धोका खरोखरच जास्त असतो का?

उपलब्ध पुरावा पाहता, व्यावसायिक स्तरावर खेळलेल्या पुरुष खेळाडूंच्या बाबतीत तो जास्त असल्याचे दिसते. यातील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील विली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना त्याच वयाच्या आणि तशाच सामाजिक-आर्थिक स्थितीतील २३,०२८ सामान्य पुरुषांशी केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट आढळले. अल्झायमरच्या बाबतीत ते सुमारे पाच पट होते, तर पार्किन्सन्सच्या बाबतीत सुमारे दुप्पट.

हे आकडे वाचून घाबरण्यापूर्वी त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा पाहावा. असा आजार हेच मृत्यूचे मुख्य कारण ठरलेल्यांचे प्रमाण खेळाडूंमध्ये १.७ टक्के होते आणि इतरांमध्ये ०.५ टक्के. म्हणजे धोका वाढलेला आहे, परंतु बहुसंख्य खेळाडूंना हा आजार गाठत नाही. शिवाय याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होते, आणि सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्युदर इतरांपेक्षा कमी राहिला. खेळाने शरीराला जे दिले तेही या हिशेबात धरले पाहिजे.

याच गटाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला पुढचा अभ्यास आम्हाला अधिक बोलका वाटतो. त्यात गोलरक्षकांचा धोका सामान्य लोकांपेक्षा लक्षणीयरीत्या वाढलेला आढळला नाही, तर बचाव फळीतील खेळाडूंमध्ये तो सुमारे पाच पट होता. कारकीर्द जितकी लांब, तितका धोकाही अधिक. गोलरक्षक त्याच क्लबात, त्याच आहारावर, त्याच जीवनपद्धतीत वाढतो. फरक पडतो तो डोक्याने चेंडू किती वेळा मारला यात. ही सिद्धता नव्हे, पण बोट कुठे दाखवले जात आहे ते यावरून कळते.

स्वीडनमधील २०२३ च्या अभ्यासात चित्र काहीसे सौम्य दिसते. तेथील सर्वोच्च श्रेणीतील सुमारे सहा हजार पुरुष खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका दीड पट आढळला, आणि पार्किन्सन्सचे प्रमाण उलट कमी होते. तेथेही गोलरक्षकांचा धोका वाढलेला नव्हता. दोन देशांतील आकड्यांत एवढे अंतर असताना "साडेतीन पट" हा एकच आकडा सर्वत्र लावणे योग्य नाही.

अमेरिकेत १११ पैकी ११० खेळाडूंच्या मेंदूत आजार सापडला असे वाचले. ते आपल्याकडील खेळाडूंनाही लागू होते का?

तसे थेट लागू होत नाही. ती आकडेवारी बॉस्टन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि ती अमेरिकन फुटबॉलमधील, म्हणजे शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळण्याच्या खेळातील, राष्ट्रीय लीगच्या माजी खेळाडूंची आहे. तो खेळ वेगळा आणि त्यातील धक्केही वेगळे. दुसरे असे की ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि ज्या घरात लक्षणे दिसली त्याच घरातून दान होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे त्या लीगमधील जवळपास प्रत्येक खेळाडूला हा आजार होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सीटीई म्हणजे काय? त्याचे निदान जिवंतपणी होते का?

क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच सीटीई, हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडला गेलेला मेंदूच्या ऱ्हासाचा आजार आहे. टाऊ नावाचे प्रथिन मेंदूतील लहान रक्तवाहिन्यांभोवती, विशेषतः मेंदूच्या घड्यांच्या खोलगट भागात, विशिष्ट प्रकारे साठलेले दिसणे ही त्याची ओळख आहे. मुष्टियोद्ध्यांमधील या प्रकारच्या लक्षणांचे वर्णन अमेरिकी वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. आपल्या फुटबॉलच्या संदर्भात इंग्लंडचे जेफ ॲस्टल यांचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. हेडरसाठी नावाजलेला हा आघाडीपटू २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी वारला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मृत्यूचे कारण व्यवसायजन्य आजार असे नोंदवले, आणि २०१४ मध्ये त्यांच्या जतन केलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यात सीटीई आढळला.

निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच होते. जिवंतपणी लक्षणे आणि धक्क्यांचा इतिहास पाहून डॉक्टर फार तर शक्यता वर्तवू शकतात. त्यासाठीचे निकष २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरले, आणि ते मुख्यतः संशोधनासाठी आहेत. एखादी प्रयोगशाळा किंवा केंद्र "सीटीईची खात्रीशीर चाचणी" करून देण्याचे सांगत असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, पंधरा-सोळा वर्षे स्टॉपर म्हणून खेळले. गेल्या वर्षापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. हे खेळामुळे झाले का?

एका व्यक्तीच्या बाबतीत या प्रश्नाचे खात्रीने उत्तर देता येत नाही. भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडला गेला आहे, आणि त्यांतील जवळजवळ कुणीही व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नाही. तेव्हा "कशामुळे" याआधी "नेमके काय झाले आहे" हा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जावे. विसराळूपणाची कित्येक कारणे अशी असतात की ती सापडली तर त्यांवर उपाय होतो : जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, जी शाकाहारी घरांत सर्रास आढळते, थायरॉइडचे कमी झालेले कार्य, नैराश्य, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, ऐकू कमी येणे, झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवीच्या तक्रारींवरील काही गोळ्यांचा परिणाम.

आणखी एका कारणाचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरला किंवा दुचाकीवरून पडला, त्या वेळी काही विशेष जाणवले नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत तो सुस्त, गोंधळलेला आणि चालताना अडखळणारा झाला, तर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साठलेले असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता वाढते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. खेळाडूच्या घरात प्रत्येक बदल जुन्या हेडरच्या खाती टाकला गेला, तर नेमके हेच निदान हुकते.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करावी?

आमच्या मते सर्वांत जास्त मोलाची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे खेळाचा लेखी इतिहास. ओपीडीत डॉक्टर मधुमेह, रक्तदाब आणि दारू-तंबाखूविषयी विचारतात, "फुटबॉल खेळत होतात का?" असे सहसा कुणी विचारत नाही, आणि रुग्णाला ते सांगण्याजोगे वाटत नाही. आपल्याकडील क्लबांमध्ये दुखापतींच्या नोंदी ठेवण्याची रीत नव्हती, म्हणून हा इतिहास घरीच, जुन्या सहकाऱ्यांना फोन करून, जुळवावा लागतो. कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत खेळले, कोणत्या जागेवर खेळले, हेडिंगचा सराव आठवड्यातून किती वेळा होत असे, डोक्याला मोठे मार किती वेळा आणि कसे बसले, त्यानंतर किती दिवस त्रास राहिला, पुढे रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागला का, इतके एका कागदावर लिहावे. ज्यांच्याबरोबर ते बचावफळीत खेळले त्या मित्राला एखादा प्रसंग घरच्यांपेक्षा अधिक नेमका आठवतो.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सध्याचे बदल कालक्रमाने लिहावेत : पहिल्यांदा काय लक्षात आले, साधारण केव्हा, आणि त्यानंतर काय वाढत गेले. "विसरतात" असे मोघम लिहिण्याऐवजी "बर्डीहून घरी येताना दोनदा वाट चुकले", "विजेचे बिल दोनदा भरले" असे लिहिले, तर डॉक्टरांना त्यातून दिशा मिळते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक किंवा मेडिकल दुकानातून स्वतःहून घेतलेल्यांसह, बरोबर न्यावीत. रोजच्या सहवासातील एक माणूस सोबत असलाच पाहिजे.

नागपुरात ही तपासणी कुठे होऊ शकते?

सुरुवात नेहमीच्या एमडी फिजिशियनपासून करता येते; ब-१२, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या तेथेच होतात. पुढील तपासणीसाठी मेंदूरोगतज्ज्ञ, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, लागतात. शासकीय व्यवस्थेत मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आणि त्याच्याशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय, तसेच मिहान येथील एम्स असे पर्याय आहेत. ओपीडीचे वार आणि वेळा बदलत असल्याने आधी चौकशी करूनच निघावे, कारण गोंधळलेल्या रुग्णाला दिवसभर रांगेत बसवणे त्याच्यासाठी आणि सोबतच्या माणसासाठीही फार कष्टाचे असते.

एमआरआय अहवाल नॉर्मल आला. मग काहीच नाही असे समजायचे का?

नाही. एमआरआयचा मुख्य उपयोग गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताच्या खुणा किंवा मेंदूत साठलेले पाणी अशी कारणे शोधण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी होतो. सुरुवातीच्या टप्प्यात तो नॉर्मल असू शकतो. स्मरण, लक्ष, भाषा आणि नियोजन यांची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी अशा वेळी अधिक सांगते, आणि सहा महिने किंवा वर्षभराने ती पुन्हा केली की बदल स्थिर आहे की वाढतो आहे ते समजते.

स्मरणशक्ती ठीक आहे, पण स्वभाव पार बदलला आहे. चिडतात, संशय घेतात, कुणात मिसळत नाहीत. याचाही संबंध असू शकतो का?

असू शकतो. रागावर ताबा न राहणे, उतावळेपणा, उदासी आणि निरुत्साह ही लक्षणे डोक्याला वारंवार मार बसलेल्यांमध्ये वर्णिली गेली आहेत, आणि काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात स्वभावातील बदल विसराळूपणाच्या आधी येतो. पण येथेही घाईने निष्कर्ष काढू नये. ज्या माणसाची ओळख वीस वर्षे मैदानाशी बांधलेली होती, ज्याला नोकरी खेळाडू म्हणूनच मिळाली होती, आणि ज्याचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, त्याला नैराश्य येण्यासाठी मेंदूतील टाऊ प्रथिनाची गरज नसते. ते नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने बरे होऊ शकते. ग्लासगोच्या त्याच खेळाडूगटात नैराश्य, चिंताविकार आणि दारूच्या व्यसनासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले होते. तेव्हा प्रत्येक माजी खेळाडूचे मन बिघडणारच, ही समजूत निराधार आहे.

दारूविषयी स्पष्ट बोलावे लागेल. ती झोप बिघडवते, पडण्याचा धोका वाढवते, ब जीवनसत्त्वांची कमतरता निर्माण करते आणि स्मरणशक्तीला स्वतंत्रपणे इजा करते. घरात कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचे, मरणाचे किंवा "माझ्यावाचून तुमचे बरे चालेल" असे बोलू लागले, तर ते बोलणे मनावर घ्यावे आणि त्याच दिवशी मदत मागावी. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

यावर उपचार आहेत का?

सीटीई थांबवणारे किंवा उलटवणारे औषध आज अस्तित्वात नाही. अल्झायमरचे निदान झाले तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांसारखी औषधे काही रुग्णांना काही काळ उपयोगी पडतात. याखेरीज करण्यासारखे पुष्कळ आहे. जगातील जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या चौदा कारणांशी निगडित असल्याचे लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये म्हटले आहे, आणि डोक्याची दुखापत हे त्या चौदांपैकी एक आहे. ती होऊन गेली, ती पुसता येत नाही. पण रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकटेपणा यांवर आजही काम करता येते. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र, मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया, सकाळी मैदानावर जुन्या मित्रांबरोबर चालणे, या गोष्टी औषधाइतक्याच गांभीर्याने घ्याव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी वृद्ध माणूस एकाएकी बरळू लागतो. असा अचानक आलेला गोंधळ हा आजार वाढल्याचे समजून घरी न थांबता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

जुना चामड्याचा चेंडू पावसात जड व्हायचा. आजचे चेंडू हलके असल्यामुळे आता धोका उरला नाही, हे खरे का?

चामडे पाणी शोषते आणि चेंडू जड होतो हे खरे. पण सुरुवातीचे कोरडे वजन तेव्हाही आजच्याइतकेच, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम, असे; आणि आजचा चेंडू अधिक वेगाने येतो. ग्लासगोच्या अभ्यासात खेळाडूचा जन्म कोणत्या दशकातला यावरून धोक्यात फरक आढळला नाही. त्यामुळे नव्या चेंडूवर विसंबून राहू नये.

नातू फुटबॉल खेळतो. त्याचे खेळणे बंद करावे का?

आमचे स्पष्ट मत आहे की बंद करू नये. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलने किती मुलांना उभे केले, हे या शहराने पाहिले आहे. बंद करायचे ते लहान वयातील हेडिंग. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षे आणि त्याखालील मुलांसाठी हेडिंग थांबवले. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावातील हेडिंगवर बंदी आहे. पासिंग, ड्रिब्लिंग आणि चेंडूवरचा ताबा शिकण्यात ही वर्षे सत्कारणी लागतात. प्रशिक्षकाला हे विचारण्यात पालकांनी संकोच बाळगू नये.

सामन्यात डोक्याला मार लागला, तर लगेच काय करावे?

खेळाडूला मैदानाबाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, तो कितीही आग्रह करो. शंका असली तरीही हाच नियम पाळावा, कारण पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर, विशेषतः कुमारवयात, क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. वारंवार उलटी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा, मान दुखणे, एकाचे दोन दिसणे किंवा गुंगी वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. अन्यथा पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे पूर्ण पडून न राहता हलकी रोजची कामे तेवढी करणे, मग हलके चालणे आणि पायरीपायरीने सराव, तोही डॉक्टरांच्या संमतीने. बदली खेळाडूंची मर्यादा संपल्याचे कारणही आता देता येत नाही, कारण कन्कशनसाठी अतिरिक्त कायम बदली खेळाडू देण्याची तरतूद २०२४ पासून खेळाच्या नियमांत आली आहे. आपल्या स्पर्धेत ती लागू आहे का, हे सामन्यापूर्वी आयोजकांना विचारून घ्यावे.

आर्थिक मदत मिळू शकते का?

गरजू खेळाडूंसाठी केंद्र सरकारचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधी आहे. तो नामवंत कामगिरी केलेल्यांसाठी असल्याने जिल्हा लीगपुरते खेळलेल्यांना त्याचा लाभ मिळणे कठीण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांचा समावेश असून पार्किन्सन्सचे नाव त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी न्यूरोलॉजिस्टची कागदपत्रे लागतात, म्हणून पहिल्या भेटीपासूनचे सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवावेत.

मृत्यूनंतर मेंदू दान करून संशोधनाला मदत करता येते का?

बेंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. खेळाडूंवरील वर सांगितलेले सर्व मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतील आहेत, आणि भारतीय फुटबॉलपटूंच्या मेंदूंची अशी तपासणी होणे अत्यंत आवश्यक आहे असे आम्हाला वाटते. मात्र मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढून जतन करावा लागतो आणि नागपूर ते बेंगळुरू हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे इच्छा असल्यास खेळाडूचे मन स्थिर असतानाच त्यांच्याशी बोलून, मेंदूपेढीला लेखी विचारणा करून आणि सर्व जवळच्या नातेवाइकांची संमती घेऊन ठेवावी. वैद्यकीय महाविद्यालयाला केलेले देहदान वेगळे असते. ते शरीररचनेच्या शिक्षणासाठी वापरले जाते आणि त्यातून मेंदूतील आजाराचा अहवाल कुटुंबाला मिळेलच असे नसते.